सोलापूरचा भोंगा आणि माझं घड्याळ

उभा जन्म चिपळूण आगाराच्या गाड्यांमध्ये दाराशी उभं राहून मी लोकांना कुठे कुठे पोचवलं, पण स्वतः मात्र घाट चढून कोल्हापूरच्या पुढे कधी गेले नाही. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी सोलापूरला निघाले तेव्हा आगारातल्या जुन्या सोबत्यांनी माझी भरपूर चेष्टा केली. "मावशी, सोलापुरात बघायचंय तरी काय? चादर हवी तर इथे आणून देतो की!"

मी म्हटलं, "मेल्यांनो, चादरी बघायला नाही चालले. माझी लेक तिकडे रोबोटांना बोलतं करतेय, ते बघायला चाललेय."

खरं सांगायचं तर ती नेमकं काय करते हे मलाही धड ठाऊक नव्हतं, पण वाक्य असं ठणकावून टाकलं की पुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता डोळ्यांनी बघून आलेय. ज्यांनी सोलापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि आगारातल्या त्या टवाळांसाठी तर मुद्दाम सांगते.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. माझं मनगटी घड्याळ चुकत नाही. नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेलं, किल्लीचं घड्याळ. रोज सकाळी रेडिओच्या बातम्या लागल्या की मी ते जुळवते. आमचे ड्रायव्हर स्टँडवरच्या घड्याळाकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघून गाडी काढायचे. मोबाईल आहे माझ्याकडे, पण तो पर्सच्या तळाशी पडलेला असतो आणि वाजला तरच वर येतो. वेळ बघायला मोबाईल काढणं मला कमीपणाचं वाटतं.

कुंभारी

प्रवासाचं काही सांगत नाही. एस्टीत कंटाळा कसा येतो हे कंडक्टरने कुणाला सांगावं?

स्टँडवर जुई घ्यायला आली होती. जुई म्हणजे माझी एकुलती लेक. पुण्यात चांगल्या पगाराची नोकरी होती, ती सोडून तिने नेहा नावाच्या मैत्रिणीबरोबर स्वतःची छोटीशी कंपनी काढली. सोलापूरचं हे काम म्हणजे त्या कंपनीचं पहिलंच स्वतंत्र काम. नेहा पुण्यात बसून तिकडची बाजू बघत होती आणि जुई महिनाभर इथे तळ ठोकून होती. पोरगी पार वाळली होती, डोळ्यांखाली काळं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आई, बारीक झालीस म्हणू नकोस. चल."

तिने शहराबाहेर कुंभारीला खोली घेतली होती, कारखान्याला जवळ म्हणून. घर महादेवी अक्कांचं. अक्का माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे अर्धं बोलणं कानडी. मी दारात पाऊल टाकते न टाकते तोच, "बर्री बर्री, या बसा. ऊटा आयता? जेवण झालं का?" असं दोन्ही भाषांत एका दमात स्वागत झालं.

मी मोठ्या हौसेने पिशवी उघडली. नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, आणि खास लेकीसाठी बाजूला घट्ट बांधून आणलेली सुकट. पिशवी उघडताच जुईचे डोळे विस्फारले. "आई गं! लिंगायतांचं घर आहे हे!" अक्कांच्या नाकापर्यंत वास पोचलाच होता. बाई भली. नाकाला पदर लावला नाही, तोंड वाकडं केलं नाही. एवढंच म्हणाली, "ते तेवढं झाडाला बांधा की. हवा लागंल त्याला." मी निमूटपणे सुकट अंगणातल्या लिंबाला टांगून आले. रात्रीतून मांजराने तिचं सोनं केलं. सकाळी फांदीला नुसती दोरी लोंबत होती, आणि अक्का कुणाला दिसणार नाही अशा बेताने हसत होत्या.

जेवायला बसलो तर पानात भात नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची लालभडक चटणी, दही, वर कच्चा कांदा. आमच्याकडे भाताशिवाय पान म्हणजे पाहुण्याचा अपमान. मी वाट बघत बसले. अक्का जुईला म्हणाल्या, "वाढ की आईला, लाजायल्यात." मग कळलं की हेच जेवण. भाकरी तोडायला गेले तर ती पापडासारखी कडकन मोडली. पण चटणीत दही कालवून पहिला घास घेतला आणि खोटं कशाला बोलू, भात विसरले.

जेवता जेवता जुईने तिचं काम मला समजावून सांगितलं. टॉवेलचा कारखाना. टॉवेलची खोकी उचलून रचायला दोन रोबोट आणलेत. रोबोट म्हणजे माणसाच्या आकाराचा बाहुला नव्हे, नुसता एक लांब वळणारा हात. त्या हाताच्या सांध्यासांध्यात बारीक सेन्सर बसवलेत. सांधा तापला का, थरथरतोय का, खोक्यावरची पकड घट्ट आहे का, हे ते सेन्सर दर क्षणाला सांगत राहतात. जुईचं काम असं की ही सगळी माहिती कारखान्यातल्या तारांच्या जाळ्यातून एका संगणकात गोळा करायची आणि तिथून पुण्याला पाठवायची. तिकडे कुणीतरी लक्ष ठेवून असलं की यंत्र मोडायच्या आधीच कळतं.

"मग अडलंय कुठे?"

जुईने भाकरी खाली ठेवली. "सगळं जोडून झालंय. इथे पडद्यावर आकडे छान दिसतात. पण पुण्याला गेले की तिकडचा संगणक घेतच नाही. नुसतं 'नाकारले' म्हणतो. तारा बदलल्या, जोड बदलले, टॉवेलची लव शिरली असेल म्हणून एकेक खाच साफ केली. नेहा तिकडे डोकं फोडतेय. अण्णांनी एकदा मुदत वाढवून दिली होती, आता शनिवार शेवटचा. शनिवारी जेवणाच्या भोंग्याच्या आत पुण्याहून 'पोचलं' असं आलं नाही, तर काम मोठ्या कंपनीला जाणार. आणि पहिलंच काम हातचं गेलं तर दुसरं कोण देणार आम्हाला?"

मी तिच्या पानात आणखी चटणी वाढली.

अक्कलकोट रोड

अण्णा म्हणजे कारखान्याचे मालक. जुईची आई आलीय कळल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला कारखाना बघायला बोलावलं. फाटकावर मोबाईल काढून घेतात, तो नियम सगळ्यांना. बाहेरचा लॅपटॉपही आत चालत नाही, जुईला कारखान्याच्याच संगणकावर काम करावं लागतं. फाटकातून आत शिरताना ती पळतच होती. "रोज उशीर होतो गं मला! घरून मोबाईलवर वेळ बघून निघाले तरी. अण्णा रोज बोलतात." माझी लेक आणि उशीर! मला भारी लागलं ते.

अण्णा साठीचे, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, तोंडात पान. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, भाव करताना हिंदी. वडील मिलमध्ये विणकर होते. अण्णांनी दोन मागांवर सुरुवात करून हा एवढा कारखाना उभा केला, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! एकेका मागापाशी मला उभं करून दाखवत होते. सुताचा वास, मागांचा खडखडाट, हवेत तरंगणारी लव. माझ्या केसांवर, भुवयांवर लव बसली. "आता तुमी सोलापूरकर झालाव बघा," अण्णा म्हणाले.

मग रोबोट पाहिले. पिवळाधमक लांब हात, जाळीच्या पिंजऱ्यात उभा. फिरला, वाकला, पेल्यांसारख्या रबरी तोंडांनी खोकं अल्लद उचललं, वळला, रचलं. पुन्हा वळला. ना धाप, ना कुरकुर. शेजारी पडद्यापाशी लक्ष्मी नावाची बाई बसली होती. आधी ही खोकी तीच उचलायची, आता रोबोट सांभाळते. मला म्हणाली, "पाठ वाचली बघा माझी. पयल्यांदा भ्या वाटलं, आता त्याचं काय दुखतंय खुपतंय ते मलाच कळतंय पडद्यावर. तुमच्या लेकीनं शिकवलं." मी मान ताठ करून इकडेतिकडे पाहिलं, आणखी कुणी ऐकलं का म्हणून.

अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी हुशार हाय, न्हाय म्हणत न्हाय. पण तिचा मोठा साहेब कधी येणार?"

"मोठा साहेब तीच आहे," मी म्हटलं.

अण्णांनी पान या गालातून त्या गालात घेतलं. "बरं," म्हणाले. पटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात ते लगबगीने भिंतीकडे गेले. तिथे एक मोठं गोल जुनं घड्याळ, आणि खाली पितळी पट्टीत बसवलेलं लाल बटण. काटा एकावर आला तसं अण्णांनी ते बटण दाबलं आणि असा भोंगा झाला की माझ्या छातीत धडधडलं. जेवणाची सुट्टी. लक्ष्मीने मला सांगितलं की हा भोंगा अण्णांशिवाय कुणी दाबायचा नाही. त्यांचा मुलगा कारखान्यातच असतो, त्यानेसुद्धा नाही. अण्णा परगावी असले तर त्या दिवशी भोंगाच होत नाही.

मी सवयीने मनगटाकडे पाहिलं. एकाला अजून दहा मिनिटं होती.

"अण्णा, तुमचा भोंगा लवकर झाला की हो!"

अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरले. "बाई, माझा भोंगा कधी लवकर न्हाय की उशिरा न्हाय. ह्या कारखान्यात तुमचं घड्याळ माघारलंय."

"माझं? माझं घड्याळ कधी माघारत नाही!"

"हे बघा की मग." त्यांनी मला ऑफिसात नेऊन संगणक दाखवला. त्यावरही एक. दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावरही एक. मोबाईल फाटकावर. मी एकटी आणि माझं बिचारं घड्याळ. सोलापूरच्या उन्हाने त्याच्या पोटात काहीतरी बिघडलं असणार, असं म्हणत मी मान खाली घालून काटे पुढे सरकवले. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी नामुष्की कधी आली नव्हती. दुपारी अण्णांच्या घरून शेंगापोळी आली, गूळशेंगदाण्याची, तुपात भिजलेली. ती खाल्ली तेव्हा जरा जिवाला बरं वाटलं, तरी घड्याळाचं शल्य होतंच.

मंगळवेढा

दुसऱ्या दिवशी जुई एकटीच कामाला गेली. मी मागे लुडबूड करायला नको म्हणून मंगळवेढ्याला जायचं ठरवलं. ज्वारी तिथलीच घ्यावी असं अक्कांनी सांगितलं होतं.

अक्कांकडे रेडिओ नाही, म्हणून सकाळी घड्याळ जुळवायचं राहिलं होतं, पण त्याच्याच भरवशावर सोलापूर स्टँडवर वेळेवर पोचले. गाडी लागलेली नाही. थांबले. वेळ टळून गेली तरी गाडी नाही. मग माझ्यातला कंडक्टर जागा झाला. खिडकीपाशी जाऊन नियंत्रकाला म्हटलं, "अहो, मंगळवेढा कुठाय? वेळ होऊन गेली! आमच्या आगारात असं झालं असतं तर मेमो निघाला असता!"

त्याने मान वर केली. "बाई, टाईम व्हायचाय की अजून."

"व्हायचाय? हे बघा!" मी मनगट खिडकीत घातलं.

त्याने माझ्या घड्याळाकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या घड्याळाकडे बोट केलं, मग स्वतःचा मोबाईल वळवून दाखवला. "तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढं पळायलंय बघा, मावशी. एस्टीत होता म्हणता न्हाय का?" मागे रांगेतले लोक फिदीफिदी हसले. तेवढ्यात मंगळवेढ्याची गाडी आली, अगदी ठरल्या वेळेला, आणि मी तोंड लपवून आत जाऊन बसले.

आता कालपासून बघा. काल माझं घड्याळ मागे, आज पुढे! काटे पुन्हा मागे फिरवले आणि त्या मेल्या घड्याळाशी अबोला धरला.

रस्त्याने दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, नजर पोचेल तिथवर सपाट. आमच्याकडे नजर चार पावलांवर कुठल्यातरी डोंगराला आपटते, इथे अडवायला काही नाही. आणि त्या काळ्यावर ज्वारीची उभी शेतं, पांढऱ्या मोत्यांची कणसं. पाण्याचा थेंब दिसत नाही कुठे. मी शेजारच्या बाईला विचारलं, "पाऊस नाही, कालवा नाही, मग एवढं पीक येतं कशावर?" म्हणाली, "थंडीवर आन् दवावर. जमीन पानी धरून ठेवती." ऐकून मी हातच जोडले.

बाजारात ज्वारीवालीने दाणे माझ्या तळहातावर ओतले आणि मी कुठली ते विचारलं. कोकण म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. "भातखाऊ व्हय! भाकरी थापता येती का?" येते म्हटलं, तांदळाची. ती इतकी हसली की शेजारच्या दुकानातल्यांनी मान वळवून पाहिलं. "तांदळाची भाकरी! ती काय भाकरी हाय व्हय? हितं राहा म्हैनाभर, शिकवते." पण हसता हसता आगटीतला गरम हुरडा कागदावर काढून दिला. कोवळा, हिरवा, धुरकट वासाचा, वर तिखट चटणी. तिने पैसे घेतले नाहीत. मी पर्समधली आमसुलं तिच्या हातावर ठेवली, तर तिने एक चोखून असं तोंड केलं की आता हसायची पाळी माझी.

पुन्हा कुंभारी

संध्याकाळी जुई आली ती थेट पायरीवरच बसली. दिवस फुकट गेला होता. उद्या शनिवार.

तिचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून मी माझी फजिती तिखटमीठ लावून सांगायला घेतली. अण्णांनी माझं घड्याळ कसं मागे ठरवलं, मी काटे कसे पुढे केले, आणि आज स्टँडवर भर रांगेत माझी कशी शोभा झाली. "एक जण म्हणतो दहा मिनिटं मागे, दुसरा म्हणतो दहा मिनिटं पुढे. या गावात वेळा तरी किती आहेत गो?"

जुईने एकदम माझा दंड धरला. "काय म्हणालीस? अण्णांच्या घड्याळाशी जुळवलंस, आणि ते पुढे निघालं?"

"मग काय! आणि संगणकसुद्धा तीच वेळ दाखवत होता."

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या अक्का तिथूनच म्हणाल्या, "अण्णांचं घड्याळ व्हय? ते पुढंच असतंय की! त्यांच्या वडलांपासनं. सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"अहो अक्का, मग मला सांगितलं का नाही महिनाभर?" जुई ओरडलीच.

अक्कांचा हात थांबला. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "हे काय सांगायचं असतंय व्हय? सूर्य तिकडनं उगवतोय म्हणून सांगतो का आमी कुणाला?"

जुई कपाळावर हात मारून घेत हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काही कळेना. मग तिने मला माझ्या भाषेत सांगितलं. "आई, तुझ्या तिकिटाच्या यंत्रात तिकिटावर वेळ छापून यायची ना? समज तपासनीस गाडीत चढला. त्याच्या घड्याळात तीन वाजलेत, आणि तू दिलेल्या तिकिटावर छापलंय तीन दहा. तो काय म्हणेल?"

"काय म्हणेल? बोगस तिकीट म्हणेल! अजून वाजलेच नाहीत तर तिकीट फाडलं कधी? मला घरी बसवेल."

"पुण्याचा संगणक तेच करतोय. प्रत्येक आकड्यावर इथल्या संगणकाची वेळ छापलेली असते. तो बघतो की ही वेळ तर अजून झालेलीच नाही, म्हणजे कुणीतरी खोटं पाठवतंय. नाकारले. आणि मी वेळ तपासली होती गं, पहिल्याच आठवड्यात! संगणकावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितली. तंतोतंत जुळली."

दोन्ही एकाच मापाने पुढे, मग जुळणारच. आणि रोज सकाळी तिला होणारा तो उशीरही उलगडला. माझी लेक एकदाही उशिरा पोचली नव्हती! हे मी तिला, अक्कांना आणि अंगणातल्या मांजराला ठासून सांगितलं.

शनिवार

सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कोण अडवतंय? ऑफिसात अण्णा, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघी. जुईने सगळं शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "अण्णा, संगणकाची वेळ बदलायला तुमची परवानगी हवी."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे माझं घड्याळ चुकीचं हाय म्हणा की!"

"तसं नाही अण्णा."

"तसंच हाय! संगणक लावले तवा मीच सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळाला लावा. कारखान्यात वेळ एकच पायजे, दोन न्हाय. माझ्या बापानं मिलमध्ये हयात घालवली. एकदा आईला बरं नव्हतं म्हणून पोचायला उशीर झाला, भोंगा होऊन गेल्ता. फाटकावरनं परत पाठवलं त्यांना, समद्यांच्या देखत. घरी आले आन् हे घड्याळ पुढं केलं. मरंपर्यंत मागं घेतलं न्हाय. मी बी घेतलं न्हाय. ह्या कारखान्यात फाटकावरनं परत गेलेला माणूस तुमाला सापडणार न्हाय. आन् तुमी काल आलेली पोर, मला सांगता घड्याळ मागं घ्या?"

माझी जीभ वळवळायला लागली. अहो, गाडी उशिरा सुटली तर माणूस चिडतो, पण लवकर सुटली तर तो मागेच राहतो, हे मला यांना सुनवायचं होतं. पण जुईने टेबलाखालून माझा हात दाबला.

"घड्याळ मागं घेऊ नका," ती म्हणाली. "भिंतीवरचं आहे तिथेच, आहे तसंच राहू दे. माणसं थोडी आधी आली तर चांगलंच आहे. पण अण्णा, रोबोट काही फाटकातून येत नाही. त्याला उशीर होत नाही आणि घाईही नसते. त्याला फक्त एवढं खरं सांगता आलं पाहिजे, की हे कधी झालं. उद्या पिंजऱ्यात लक्ष्मीताईंचा हात अडकला, तर तो कधी अडकला हे आपल्याला खरं कळायला नको? घड्याळ तुमच्या वडिलांचं माणसांसाठी. संगणकाला खरी वेळ."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. काचेपलीकडे लक्ष्मी पडद्यापुढे बसली होती, पिवळा हात वळत होता. माझ्या मनात काय काय येऊन गेलं. हिने आता रडू नये. हिने आता मागे हटू नये. ती हटली नाही. नजर खाली केली नाही, आवाज चढवला नाही. ही इतकी कधी मोठी झाली, हे मी खरंच पाहिलं नव्हतं.

शेवटी अण्णा एकच शब्द बोलले, तेलुगूतला. "सरे." बरं, कर.

संगणकाची वेळ बदलायला कितीसा वेळ लागतो? माझा एक चहा संपायच्या आत झालं. पण खात्री करायला नेहाला तिकडे काही तासांचे आकडे साठू द्यायचे होते. मग नुसती वाट. ऑफिसातला फोन टेबलाच्या मधोमध. अण्णांची नजर काचेतून भिंतीवरच्या घड्याळावर, माझी मनगटावर, जुईची पडद्यावर. काटा एकाच्या जवळ सरकत चालला. अण्णांचा मुलगा खाकरला.

फोन वाजला. जुईने उचलला आणि आतून नेहा इतक्या जोरात ओरडली की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. "पोचलं! जुई, सगळं पोचलं! दोघांचेही सांधे दिसतायत, पकडसुद्धा दिसतेय! एकही नाकारलं नाही!"

जुई खुर्चीत मटकन बसली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, केसांत लव होती. मी ती काढली नाही.

अण्णा उठले. मला वाटलं भोंग्याकडे चालले, वेळ झालीच होती. दारापाशी जाऊन ते थांबले आणि मागे वळून म्हणाले, "चल."

"कुठे?" जुई म्हणाली.

"कुटं म्हंजे? भोंगा कोण करणार आज?"

जुई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच ढकललं. ती त्यांच्यामागून गेली, त्या जुन्या गोल घड्याळाखाली उभी राहिली. अण्णा दोन पावलं बाजूला सरकले आणि हात मागे बांधून उभे राहिले. त्यांचा मुलगा माझ्या शेजारी होता. तोंड उघडं ठेवून बघत होता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मावशी, मला पण अजून दिलेला न्हाय."

काटा एकावर आला. भोंगा झाला. अण्णांसारखा एकसारखा नाही, जरा अडखळत सुरू झाला आणि गरजेपेक्षा जास्त लांबला. माग थांबत गेले. शेडमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. लक्ष्मी पदराने तोंड पुसत म्हणाली, "आज हात येगळा हाय."

मी मनगटाकडे पाहिलं. माझ्या घड्याळात एक वाजायला अजून दहा मिनिटं होती. पण अख्खा कारखाना जेवायला उठला होता, माझ्या लेकीच्या एका बोटावर.